कारणाला कारण जोडताना

प्रस्तावना

'पुढील विधाने सकारण स्पष्ट करा.' मराठी माध्यमाच्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पाठ असतो आणि त्याचे उत्तर कसे लिहायचे तेही. आकडे घालून तीन-चार मुद्दे मांडायचे आणि शेवटी 'म्हणून' लिहून प्रश्नातलेच विधान पुन्हा उतरवायचे. अमेरिकन वसाहतींनी बंड का केले? इंग्रजांनी जाचक कर लादले, वसाहतींवर अन्याय केला, लोकांत असंतोष पसरला. म्हणून वसाहतींनी बंड केले. आता यातले 'वसाहती' काढून 'भारतीय' घाला, साल बदलून १८५७ करा. उत्तर तसेच्या तसे चालते आणि गुणही तितकेच पडतात. जे उत्तर दोन खंडांतल्या दोन वेगळ्या घटनांना सारखेच लागू पडते, ते त्यातल्या एकाही घटनेचे उत्तर नसते.

ही पुस्तिका याच दुखण्यावर आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या वर्गांना इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी ती लिहिली आहे. इतिहासातले कारण आणि परिणाम मुलांना कसे शिकवावेत, एवढाच तिचा विषय. उदाहरण म्हणून अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास घेतला आहे, म्हणजे इंग्रजांच्या पहिल्या टिकाऊ वसाहतीपासून, १६०७ च्या जेम्सटाउनपासून, १७८७ च्या संविधानापर्यंतचा. या निवडीचा खुलासा करणे भाग आहे, कारण पहिला आक्षेप इथेच येणार. आमगाव-सालेकसाच्या मुलांना बोस्टनचे काय?

साधे उत्तर असे की हा विषय अभ्यासक्रमात आहे. आठवीच्या 'इतिहास व नागरिकशास्त्र'मध्ये 'युरोप आणि भारत' या पाठात अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध येते. प्रबोधन, भौगोलिक शोध, फ्रेंच राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती या सगळ्यांच्या गर्दीत त्याच्या वाट्याला मोजक्या ओळी येतात. तेरा वसाहती, बोस्टन बंदर, जॉर्ज वॉशिंग्टन, ४ जुलै १७७६, की पुढचा मुद्दा सुरू. खरे उत्तर वेगळे आहे. शिवकाल शिकवताना किंवा १८५७ शिकवताना वर्गात अभिमान असतो, राग असतो, घरून ऐकलेल्या गोष्टी असतात. ते असायलाही हवे. पण कारणांची चिकित्सा करण्याचे पहिले धडे अशा विषयावर गिरवणे मुलांना जड जाते. बोस्टनच्या बाबतीत वर्गातल्या कुणाचीच बाजू आधीपासून ठरलेली नसते. तिथे हात बसला की तीच नजर मग आपल्या इतिहासाकडे वळवता येते.

पुस्तिकेचा मधला भाग चहाभोवती आहे. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनमधले लोक डार्टमाउथ, एलिनॉर आणि बीव्हर या तीन जहाजांवर चढले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या त्यांनी समुद्रात रिकाम्या केल्या. कारण विचारले की बहुतेक वर्गांतून एकच उत्तर येते: चहा महाग झाला. वस्तुस्थिती उलटी आहे. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्याने कंपनीचा चहा अमेरिकेत स्वस्त होणार होता. इंग्लंडमध्ये भरावी लागणारी जकात कंपनीला माफ झाली होती, मधले व्यापारी वगळून थेट विक्री करण्याची मुभा मिळाली होती. पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा अमेरिकेत कायम राहिला होता. मग स्वस्त चहा लोकांनी फेकला का? हा प्रश्न फळ्यावर लिहून शिक्षकाने गप्प राहावे. 'जाचक कर' हे तयार उत्तर इथे लागू पडत नाही, आणि ते लागू पडत नाही हे मुलांना स्वतःलाच कळते. विचाराला सुरुवात तिथून होते.

या एका रात्रीला पुस्तिकेत चार 'का' विचारले आहेत.

राग का? त्याचे मूळ दहा वर्षे मागे आहे. १७६३ साली फ्रान्सविरुद्धचे सात वर्षांचे युद्ध संपले, ब्रिटनवर कर्जाचा डोंगर झाला. तो फेडण्यात वसाहतींनीही वाटा उचलावा म्हणून १७६५ चा मुद्रांक कायदा आला, विरोध झाल्यावर १७६६ मध्ये मागे घेतला गेला. १७६७ मध्ये काच, कागद, रंग, चहा यांवर नवे कर आले. १७७० मध्ये तेही उठले, चहावरचा मात्र मुद्दाम ठेवला. संसदेला कर लावण्याचा हक्क आहे हे दाखवायला तो ठेवला होता. ज्या संसदेत आपला एकही प्रतिनिधी नाही तिने आपल्यावर कर लावू नये, हे वसाहतींचे म्हणणे होते. वाद रकमेचा नव्हताच, अधिकाराचा होता.

चहाच का? कारण कंपनीच्या लंडनमधल्या वखारींत पावणेदोन कोटी पौंडांच्या आसपास चहा पडून होता. वसाहतींतले बरेच लोक डच व्यापाऱ्यांकडून चोरून आलेला चहा पीत होते. कंपनीचा स्वस्त चहा आला असता तर चोरट्या मालाचा धंदा बसला असता आणि स्थानिक व्यापाऱ्यांनाही बाजूला पडावे लागले असते. तत्त्वासाठी लढणाऱ्यांच्या शेजारी धंद्यासाठी लढणारेही उभे होते. मुलांना हे सांगायला कचरू नये.

बोस्टनच का? चहाची जहाजे फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क आणि चार्ल्सटनलाही निघाली होती. फिलाडेल्फिया-न्यूयॉर्ककडची परत गेली. चार्ल्सटनचा चहा उतरवून कोठारात पडून राहिला. बोस्टनमध्ये गव्हर्नर थॉमस हचिन्सन अडून बसला. कर भरल्याशिवाय जहाज बंदराबाहेर जाणार नाही, असे त्याने ठरवले. ज्यांच्या नावाने हा चहा आला होता त्यांत त्याचे स्वतःचे मुलगेही होते.

आणि त्याच रात्री का? डार्टमाउथ नोव्हेंबरच्या अखेरीस बंदरात आले होते. कायद्याप्रमाणे वीस दिवसांत कर भरला नाही तर अधिकाऱ्यांना माल जप्त करता येत असे. ती मुदत १७ डिसेंबरला संपत होती. माल एकदा उतरला असता तर कर भरलाच गेला असता. हातात शेवटची एक रात्र उरली होती.

'तात्कालिक कारण' ही संज्ञा आपल्या शिक्षकांना १८५७ च्या काडतुसांमुळे चांगली ओळखीची आहे. पण ती बहुधा एका खणात ठेवली जाते आणि 'राजकीय, आर्थिक, सामाजिक' कारणे दुसऱ्या खणांत. या चार प्रश्नांत खण नाहीत. दहा वर्षांचे कारण, एका वर्षाचे कारण, एका माणसाचे कारण आणि एका तारखेचे कारण अशी ती एकमेकांत अडकलेली आहेत. पहिले नसते तर चौथ्याला काही अर्थ नव्हता. चौथे नसते तर ही घटना कदाचित वेगळ्या दिवशी, वेगळ्या रूपात घडली असती. हा फरक तेरा वर्षांच्या मुलाला समजतो. त्याला तो कुणी विचारत नाही, इतकेच.

यानंतरचा पाठ भारताकडे वळतो, आणि इथे शिक्षकाने जास्त सावध राहायला हवे. हा चहा चीनचा होता, पण कंपनी आपल्या ओळखीची. १७६५ मध्ये तिला बंगालची दिवाणी मिळाली. १७६९-७० मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि लक्षावधी माणसे मेली. १७७२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली आणि पुढच्या वर्षी सरकारने तिला चौदा लाख पौंडांचे कर्ज दिले. पडून असलेला चहा अमेरिकेत खपवायची सोय याच धडपडीतून निघाली. ओळीने लावले की साखळी तयार: बंगालमध्ये दुष्काळ पडला, म्हणून कंपनी बुडू लागली, म्हणून चहा अमेरिकेला गेला, म्हणून क्रांती झाली. भाषणात टाळ्या मिळवणारी साखळी आहे ही. पुस्तिका मुलांना ती आधी जोडायला सांगते आणि मग तिची एकेक कडी ओढून बघायला लावते.

पहिलीच कडी सैल निघते. दुष्काळाने कंपनीचे उत्पन्न आटले असेल असे वाटते. पण वॉरन हेस्टिंग्जने १७७२ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला कळवले की १७७१ ची वसुली दुष्काळाआधीच्या १७६८ पेक्षाही जास्त होती. माणसे मेली, सारा मात्र उरलेल्यांकडून पुरेपूर उकळला गेला. म्हणजे कंपनीच्या अडचणीची मोठी कारणे आणखी कुठेतरी शोधायला हवीत: हैदर अलीबरोबरच्या युद्धासारखे लष्करी खर्च, भागधारकांना वाढवून दिलेला लाभांश, सरकारला दरवर्षी द्यायचे चार लाख पौंड, न खपलेला चहा आणि १७७२ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये आलेले पतसंकट. दुष्काळाचा संबंधच नाही असे नव्हे, पण आपण लावला होता तितका सरळ तो नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, हे आजी सांगते ते इतिहासातही खरे आहे. एकामागून एक घडले एवढ्यावरून एकामुळे दुसरे घडले असे ठरत नाही. आपल्याला हवीशी वाटणारी साखळी मोडून दाखवता आली तरच शिकवण्याला अर्थ.

कड्या तपासण्यासाठी पुस्तिकेत तीन प्रश्न दिले आहेत आणि सगळ्या पाठांत तेच वापरले आहेत. कारण आधी घडले का? ते परिणामापर्यंत कुणाच्या हातून, कोणत्या वाटेने पोहोचले? ते नसते तर काय वेगळे झाले असते? दुसरा प्रश्न सर्वांत कामाचा आहे, कारण तो माणसांची नावे मागतो. 'असंतोष पसरला' असे लिहिणारा मुलगा मग विचारू लागतो की कुणी पसरवला, कशाने, कुठे.

माणसे आली की त्यांची निवडही येते. त्यासाठी नागपूरचे उदाहरण घेतले आहे, कारण हा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा होता. अमेरिकेतले युद्ध चालू असतानाच इकडे पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालू होते. १७८० मध्ये नाना फडणवीसांनी हैदर, निजाम आणि नागपूरचे मुधोजी भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणले. मुधोजींनी बंगालवर चाल करायची असे ठरले होते. त्यांची फौज निघालीही, पण ओडिशात रेंगाळली. हेस्टिंग्जने पैसे देऊन भोसल्यांना गप्प केले आणि १७८१ मध्ये कंपनीचे सैन्य ओडिशातून विनाअडथळा मद्रासकडे गेले. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला यॉर्कटाउन इथे लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने वॉशिंग्टनपुढे शस्त्रे ठेवली. बंगालवर हल्ला झाला असता तर काय झाले असते, हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही. मुलांनी तर्क करावा, पण तर्काला आधार द्यावा. जे घडले ते तसेच घडणार होते, ही समजूत मोडायला एवढा पाठ पुरे आहे. तिकडे हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन इकडे आला आणि १७९३ मध्ये त्याने बंगालमध्ये कायमधारा पद्धत लागू केली, हे वाचून मुलांचे डोळे विस्फारतात. तिथेही शिक्षकाने तीन प्रश्न विचारावेत. यॉर्कटाउनच्या पराभवामुळे कायमधारा आला का? नाही. माणूस एक असला म्हणून कारण एक होत नाही.

परिणामांच्या पाठात वेगळी अडचण आहे. आपण परिणाम लिहितो तो जिंकणाऱ्याच्या बाजूने: अमेरिका स्वतंत्र झाली, लोकशाही आली. पण कुणासाठी? १७६३ मध्ये ब्रिटिश राजाने ॲपलेशियन पर्वतापलीकडे वसाहतवाल्यांनी जमीन घेऊ नये असा हुकूम काढला होता. १७८३ च्या पॅरिस तहाने मिसिसिपी नदीपर्यंतचा प्रदेश नव्या देशाला मिळाला. त्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आदिवासी राष्ट्रांना तहाच्या वाटाघाटींत जागाच नव्हती. १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीर केले की बंडखोर मालकांना सोडून जे गुलाम राजाच्या बाजूने लढतील ते मुक्त होतील. कित्येकांना स्वातंत्र्य दिसले ते इंग्रजांच्या छावणीत. आणि १७८७ च्या संविधानात प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची गणना तीन-पंचमांशाने झाली.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या शाळांत गोंड आणि हलबा मुले शिकतात. कचारगडच्या यात्रेला जाणाऱ्या घरांतली ती मुले आहेत. जंगल आणि जमीन कुणाची, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून कळायची गरज नाही. या पाठाच्या वेळी बोलायची पहिली संधी त्यांना द्यावी, असे आम्ही शिक्षकांना सुचवतो. वर्गातली नेहमीची हुशार मुले त्या तासाला ऐकतील, तेही बरेच.

अनपेक्षित परिणाम शिकवायला तर बोस्टनलाही जायला नको. आपल्या भागात तलाव बांधण्याची परंपरा मोठी. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे लोक सांगतात. इंग्रजी अमलात मालगुजार गावांचे मालक झाले आणि तलावही त्यांच्या ताब्यात आले. हा भाग मध्य प्रदेशात असताना, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. कुळांच्या दृष्टीने ते न्यायाचे पाऊल होते. तलाव सरकारजमा झाले, पण दरवर्षी गाळ कुणी काढायचा आणि पाळ कुणी राखायची याची घडी नीट बसली नाही. पुष्कळ तलाव गाळाने भरत गेले. आजही आपण त्यांना 'मामा तलाव' म्हणतो, माजी मालगुजारी म्हणून. कायदा करणाऱ्यांना तलाव बुजवायचे नव्हते. चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टीचाही वाईट परिणाम होतो आणि तेवढ्याने तो कायदा चुकीचा ठरत नाही, हे सातवीच्या वर्गाला गावच्या पाळीवर उभे राहून शिकवता येते.

शेवटचा पाठ बिडीचा आहे. तंबाखू मुळात अमेरिकेची. जेम्सटाउनच्या वसाहतीत जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास तिची विक्रीजोगी लागवड सुरू केली आणि मरणपंथाला लागलेली ती वसाहत तगली. तंबाखूला जमीन लागते, म्हणून तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर अतिक्रमण वाढले. हात लागतात, म्हणून आधी करारावर आणलेले गोरे मजूर आणि मग मोठ्या संख्येने आफ्रिकेतून आणलेले गुलाम आले. तीच तंबाखू पोर्तुगीजांमार्फत दख्खनमध्ये पोहोचली. असद बेगने ती विजापूरहून अकबराच्या दरबारात नेली, ती सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. तिथून गोंदियाच्या बिडी कारखान्यांपर्यंत कशी आली, ते मुलांनी शोधायचे आहे.

इथे तिसरा प्रश्न फार कामी येतो. बिडीचे पान आपल्या जंगलातले. उन्हाळ्यात पहाटेच निघून घरोघरची माणसे तेंदूपत्ता तोडून आणतात, बसून पुडे बांधतात, फळीवर मोजून देतात. म्हणून बिडीचा धंदा इथे आला, असे मुले सहज लिहितील. मग विचारावे: तेंदूची झाडे तर हजारो वर्षे इथे होती, मग धंदा विसाव्या शतकातच का वाढला? आता दुसऱ्या गोष्टी दिसू लागतात. नागपूर-छत्तीसगढ रेल्वे १८८० मध्ये राजनांदगावपर्यंत पोहोचली आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली. गुजरातची तंबाखू इथे येऊ शकली आणि बांधलेली बिडी दूरच्या बाजारात जाऊ शकली. धानाची कापणी-मळणी संपल्यावर रिकामे राहणारे हात होते. भांडवल आणि व्यापाराची माहिती घेऊन आलेली माणसे होती. पान हवेच होते, पण नुसते पान पुरेसे नव्हते. आवश्यक कारण आणि पुरेसे कारण यांतला हा फरक मोठ्या वर्गांतही नीट शिकवला जात नाही. बिडी बांधणाऱ्या आईच्या मुलीला तो एका तासात समजतो. तंबाखूने आरोग्याचे काय होते, हा परिणामही या पाठात आहे आणि तो गाळू नये.

वापराबद्दल थोडे. सगळे पाठ एका वर्षात उरकायचे नाहीत. सहावीत घर आणि गाव, सातवीत तलाव आणि रेल्वे, आठवीत बोस्टन असा क्रम ठेवला आहे. रोवणीच्या दिवसांत आणि कापणीच्या दिवसांत वर्गात मुले कमी असतात, हे लक्षात घेऊन प्रत्येक पाठ स्वतंत्रपणे घेता येईल असा बेतला आहे. कारणांच्या चिठ्ठ्या करून त्या मुलांना जमिनीवर मांडू द्याव्यात, बाण खडूने काढू द्यावेत आणि बाण का काढला हे तोंडी सांगू द्यावे. सांगताना पोवारी, झाडीबोली, गोंडी, हिंदी जे येईल ते येऊ द्यावे. प्रमाण मराठी लिहिताना येईल. दोन गटांची मांडणी वेगळी आली तर घाईने एक बरोबर आणि एक चूक ठरवू नये. आधार कुणाचा भक्कम आहे, एवढेच पाहावे. मात्र आधाराशिवायचे मत आणि आधारासह केलेला तर्क यांना सारखे मानू नये.

उरला प्रश्न गुणांचा, आणि शेवटी सगळे त्यापाशीच येऊन ठेपते. मुद्दे मोजून गुण देत राहिलो तर मुले मुद्देच पाठ करतील आणि त्यात त्यांचा दोष नसेल. म्हणून घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आणि तपासणाऱ्या शिक्षकांना विनंती आहे. तीन सुटी कारणे लिहिणाऱ्याला जितके गुण देता, त्यापेक्षा अधिक गुण दोनच कारणे लिहून ती एकमेकांना जोडून दाखवणाऱ्याला द्या. गाईडमध्ये नसलेले पण आधार असलेले उत्तर आले तर लाल रेघ ओढण्याआधी ते पुन्हा वाचा. एवढा बदल करायला शासननिर्णय लागत नाही. तो येत्या चाचणीपासून करता येतो.